यंत्राची अकरा मिनिटे

रंभाजी साळवे हा माणूस राधाकृष्ण देशमाने याला नीट माहीत होता, असं म्हणणं खोटं होईल. सगळ्या मिळून सात-आठ भेटी. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. ती कशाने गेली, हे विचारायचं राहून गेलं. त्याला मुलं किती, याचा राधाकृष्णला कधी अंदाज लागला नाही, कारण दारात प्रत्येक वेळी वेगळीच पोरं खेळत असत. तो चहा पीत नाही अशी एक समजूत होती, तीही पुढे खोटी निघाली. एवढ्या माहितीवर कुणाबद्दल लिहू नये. पण ज्यांना जास्त माहिती होती त्यांनी लिहिलं नाही, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी नाव गाळलं.

रंभाजी तिसगावात ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. तरुणपणी तो भिंगारला लष्करातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकच्या हाताखाली होता, आणि इंजिन व बुद्धिबळ ही दोन्ही कामं एकाच गुरूकडून शिकला. इंजिन चालू असताना तो डोळे मिटून उभा राहायचा आणि टायमिंग किती सुटलंय ते कानाने सांगायचा. हे पुढे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण नंतर नगरात काही शहाणे म्हणाले की इंजिनवाल्याला घड्याळातलं काय कळणार.

राधाकृष्ण नगरला एका सरकारी कचेरीत कारकून होता. संध्याकाळी तो बुद्धिबळ मंडळात जायचा. खेळ बेताचा, पण अक्षर चांगलं आणि स्वभाव गरीब, म्हणून चिटणिसाचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. अडुसष्ट साली एका रविवारी रंभाजी पट काखेत मारून मंडळाच्या ओसरीवर आला आणि खेळायला मिळेल का म्हणून विचारलं. आत बोलवावं असं कुणाला वाटलं नाही. ओसरीवरच डाव मांडले. त्याने ओळीने पाच जणांना हरवलं. चहा आला तेव्हा पाच जणांना कपात आला आणि रंभाजीला काचेच्या ग्लासात. त्याने ग्लासाला हात लावला नाही. मंडळात भिंतीवर एक फळा होता. बाहेरून कुणी येऊन जिंकलं की त्याचं नाव तिथे लिहायची रीत होती. त्या दिवशी खडू सापडला नाही. खडू राधाकृष्णच्या खिशात होता.

त्यानंतर चार वर्षं रंभाजी मंडळाकडे फिरकला नाही.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात परदेशात एक अमेरिकन आणि एक रशियन जगज्जेतेपदासाठी खेळले आणि बुद्धिबळाचं नाव रोज पेपरात येऊ लागलं. ज्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढंही ठाऊक नव्हतं ते पानाच्या ठेल्यावर डावाची चर्चा करू लागले. त्र्याहत्तरच्या जानेवारीत शहरात यंत्रांचं प्रदर्शन भरलं. त्याचे सर्वेसर्वा आबासाहेब. पैसेवाले, हौशी, आणि अर्ध्या जिल्ह्यातल्या बदल्या त्यांच्या शब्दावर होतात असा बोलबाला. त्यांनी पुण्याहून एक इंजिनीयर आणला. पुण्यातल्या कंपनीत एक कॉम्प्युटर होता, तो बुद्धिबळ खेळतो म्हणे. कॉम्प्युटर खोलीएवढा, तो काही इथे येणार नव्हता. खेळ्या टेलिफोनवरून जायच्या-यायच्या. मात्र लोकांना काहीतरी दिसायला हवं, म्हणून इंजिनीयरने बरोबर एक पत्र्याचं कपाट आणलं. त्याला तीन ओळी दिवे. त्या कपाटात दिव्यांपलीकडे काही नव्हतं, हे राधाकृष्णने पाठीमागून पाहिलं होतं.

यंत्रासमोर बसायला मंडळातला एकही खेळाडू तयार होईना. हरलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. एकाची दाढ दुखत होती, एकाचे पाहुणे येणार होते. तेव्हा कुणाला तरी रंभाजीची आठवण झाली. आबासाहेबांना कल्पना फारच आवडली. खेड्यातला मेकॅनिक एकीकडे, कॉम्प्युटर दुसरीकडे. हरला तर हसं होईल, आणि हसं झालं तर गर्दी होईल. राधाकृष्णला तिसगावला पाठवलं.

दुष्काळाचं साल. विहिरी आटल्यावर इंजिनं कोण चालवणार? रंभाजी छपरीखाली एक उघडं इंजिन समोर घेऊन नुसता बसला होता. त्याची बायको चांगुणा दारात निवडण करत होती. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "खेळतो. पर जिंकलो तर पेपरात नाव आलं पायजे. रंभाजी साळवे, तिसगाव. पुरं नाव."

"आबासाहेबांना सांगतो," राधाकृष्ण म्हणाला.

"सांगू नका. कबूल करून घ्या. मागल्या टायमाला तुमच्यात खडू सापडला नव्हता."

राधाकृष्णने मान खाली घातली. चांगुणा सुपातून वर न बघता म्हणाली, "ह्येंचं नाव रेशनकार्डावर बी चुकलंया, भाऊसाहेब. तेवढं बगा जमलं तर." आणि तिघंही हसले.

आबासाहेबांनी कबूल केलं. सहज केलं, पानाचा विडा तोंडात ठेवता ठेवता.

मग राधाकृष्ण चार दिवस कचेरी सुटल्यावर एस.टी.ने करंजी घाट उतरून तिसगावला गेला आणि रंभाजीला परदेशी नियम शिकवले. आपल्याकडे प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं, त्यांच्याकडे दोन. आपला राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो, त्यांच्याकडे किल्लेकोट. रंभाजीने दुसऱ्या दिवशीच सगळं पाठ केलं. मग वेळ उरला म्हणून दोघं खेळत बसले.

रंभाजीची खेळायची एक तऱ्हा होती. एखादं मोहरं मुद्दाम मारात ठेवायचं आणि "च्च" करून हात अर्धा पुढे न्यायचा, जणू चूक झाली, उचलून घ्यावं. समोरचा घाईने झडप घालायचा आणि तिथेच फसायचा. समोरच्याला घाई झाली असली की रंभाजी तंबाखू मळत बसायचा, आणि समोरचा निवांत असला की पटापट खेळायचा. इंजिनाला नसते तशी माणसाला लाज असते आणि लालूच असते, आणि डाव त्या दोन्हींवर चालतो, असं त्याचं म्हणणं. राधाकृष्णने विचारलं, की यंत्रापुढे या युक्त्या कशा चालायच्या? तो म्हणाला, "यंत्रापुढं न्हाई चालायच्या. पर यंत्राशेजारी मानूस बसनार हाय का न्हाई? तो काय करतो ते बगायला पायजे."

एक गोष्ट मात्र राधाकृष्ण सांगायला विसरला. विसरला हेही खरं नाही, ती त्याच्या मनातच आली नाही. आपल्याकडे समोरच्या राजाजवळ एक तरी मोहरं शिल्लक ठेवून मात करायची असते. शेवटचं प्यादं मारून राजा उघडा केला की डाव बुर्जी झाला, म्हणजे अर्धाच जिंकला, फुकट गेला. चांगला खेळाडू शेवटच्या प्याद्याला हात लावत नाही. परदेशी नियमात असलं काही नाही, मारा नाहीतर ठेवा. पण नगरात जन्मलेल्या माणसाला हे नियम म्हणून आठवत नाही. जेवताना डाव्या हाताने घास घेऊ नये हे जसं कुणी शिकवत नाही, तसं ते होतं.

सामन्याच्या दिवशी दुपारी तीनला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन तोंडांचं घड्याळ पुण्याहून मागवलेलं. ते राधाकृष्णच्या हाती. प्रत्येकाला पूर्ण डावासाठी एक तास. त्याला इंग्रजीत टाइप केलेला एक कागद दिला, त्यात लिहिलं होतं की निरोप पोहोचवायला लागणारा वेळ यंत्राच्या वेळेत धरू नये. राधाकृष्णला ते रास्त वाटलं. टेलिफोनच तो, मिनिटभर इकडेतिकडे व्हायचंच.

पण इंजिनीयरने त्याचा अर्थ असा लावला: रंभाजीने खेळी केली आणि इंजिनीयरने फोनवर सांगितली की यंत्राचं घड्याळ बंद. उत्तर येईपर्यंत बंदच. उत्तर आलं, इंजिनीयरने रिसीव्हर कानापासून बाजूला केला, की लगेच रंभाजीचं घड्याळ चालू. मग इंजिनीयर सावकाश चष्मा पुसणार, ध्वनिक्षेपकावरून खेळी आधी इंग्रजीत वाचणार, मग मराठीत, मग भिंतीवरच्या मोठ्या पटावर लावणार, आणि मग रंभाजीपुढच्या पटावर मोहरं हलवणार. या सगळ्याला एक मिनिट. ते मिनिट रंभाजीचं.

राधाकृष्णने एकदाच, अगदी हळू आवाजात विचारलं, की फोन लागायला लागणारा वेळ सोडायचा हे खरं, पण यंत्राच्या विचाराचा वेळ तर धरायला हवा ना? इंजिनीयर हसून म्हणाला, "विचार ते क्षणात करतं हो. उशीर होतो तो तुमच्या ट्रंक लाइनमुळे."

हे धडधडीत खोटं होतं. लाइन आबासाहेबांच्या वजनाने दुपारभर धरूनच ठेवलेली होती. रिसीव्हर टेबलावर आडवा पडलेला, पलीकडून कुणीतरी खोकलेलंही ऐकू येत होतं. तीन-तीन, चार-चार मिनिटं यंत्र विचार करत होतं आणि त्याचं घड्याळ मेल्यासारखं पडलं होतं. राधाकृष्णला हे दहाव्या खेळीला कळलं. त्याने काय केलं? खिशातली वही काढली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून यंत्राचा खरा वेळ टिपायला सुरुवात केली, जे झालं होतं ते आठवून भरलं. एवढंच. उभं राहून ओरडायला हवं होतं. वहीत लिहिलं.

कपाटावर एक मोठा तांबडा दिवाही होता. तो लागला की इंजिनीयर जाहीर करायचा, "संगणकाला विजय दिसू लागला आहे." गर्दीतून हाय-हाय उठायची. पहिल्यांदा लागला तेव्हा रंभाजी दचकला. दुसऱ्यांदा लागला तेव्हा त्याने खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, बराच वेळ, एखादा नट हरवल्यासारखं. मग सरळ होऊन म्हणाला, "साहेब, बूट सरकवा थोडा. बटन दाबलं जातंय." पुढच्या दोन-तीन रांगा खदखदून हसल्या. तांबडा दिवा परत लागला नाही, पण डावातली ती दोन मिनिटं रंभाजीच्याच घड्याळातून गेली.

विसाव्या खेळीच्या सुमाराला सवयीने त्याने आपला उंट मारात ठेवला आणि "च्च" केलं. लोक पुन्हा हसले. टेलिफोनला च्च कसं ऐकू जाणार? पण यंत्राने उंट खाल्ला. पाच मिनिटं विचार करून खाल्ला, आणि तीन खेळ्यांत त्याचा वजीर गेला. रंभाजी राधाकृष्णकडे बघून पुटपुटला, "लाज न्हाई, पर लालूच हाय की याला बी."

तिथून पुढे यंत्र हरतच होतं. शेवटी रंभाजीकडे राजा आणि दोन हत्ती, आणि यंत्राकडे राजा व एकच प्यादं. ते प्यादं रंभाजीच्या कोपऱ्यातल्या हत्तीच्या पुढ्यात येऊन अडकलेलं. यंत्राचा राजा वरच्या पट्टीत कोंडलेला. हत्तीने प्यादं उचललं असतं तर पुढच्याच खेळीला वरपर्यंत जाऊन मात. आंधळ्यालाही दिसावं. रंभाजीच्या घड्याळात तीन मिनिटं शिल्लक होती, आणि यंत्राच्या एका उत्तराला त्याचं एक मिनिट जात होतं. प्यादं मारून एक उत्तर ऐकायचं, की संपलं. वेळ पुरत होता.

रंभाजीचा हात हत्तीकडे गेला आणि थांबला. तो हत्ती तसाच ठेवून त्याने दुसरा हत्ती मागे घेतला.

राधाकृष्णला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. रंभाजी प्यादं वाचवत होता. हा मनुष्य बुर्जी टाळत होता, आणि बुर्जी नाही हे सांगायचं ज्याचं काम होतं तो हातात घड्याळ घेऊन शेजारीच बसला होता. वेळ मोजणाऱ्याने बोलायचं नसतं. त्या कागदावर तेही लिहिलं होतं.

उत्तर आलं. मिनिट गेलं. रंभाजीने हत्ती बाजूच्या पट्टीवर आणून राजाला कडेच्या पट्टीत डांबलं. सुंदर खेळी होती. आता कोपऱ्यातला हत्ती तळच्या ओळीने सरळ पलीकडे गेला की मात, आणि प्यादं जिथल्या तिथे जिवंत. इंजिनीयरने फोन घेतला, ठेवला. मग चष्मा काढला. काचेवर हा हा करून वाफ सोडली. रुमाल एका खिशात सापडेना, दुसऱ्यात शोधला. इंग्रजीत वाचलं. ध्वनिक्षेपक खरखरला म्हणून पुन्हा वाचलं. मराठीत वाचलं. मोठ्या पटावर राजा लावला, तो पडला, पुन्हा लावला. रंभाजी बसल्या जागी अर्धा उठला होता. छोट्या पटावर यंत्राचा राजा टेकला त्याच क्षणी त्याने हत्ती उचलला, आणि हत्ती हातात असतानाच घड्याळाची लाल पट्टी पडली.

"वेळ संपली," इंजिनीयर म्हणाला. आणि मग ध्वनिक्षेपकावरून म्हणाला, "यंत्राचा विजय."

घड्याळाप्रमाणे रंभाजीची साठ मिनिटं झाली होती, त्यातली चाळीसभर इंजिनीयरच्या चष्म्यात गेलेली. यंत्राची झाली होती अकरा. राधाकृष्णच्या वहीप्रमाणे यंत्राने दोन तास सात मिनिटं घेतली होती. निकालाचा कागद पुढे आला. त्यावर वेळ मोजणाऱ्याची सही लागत होती. आबासाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, मायेने. त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

मग हार आणला गेला आणि तो आबासाहेबांनी पत्र्याच्या कपाटाला घातला. दिव्यांच्या कपाटाला! टाळ्या पडल्या. रंभाजीला नारळ आणि उत्तेजनार्थ असं छापलेलं प्रशस्तिपत्र. उत्तेजनार्थ. ज्याच्यापुढे यंत्राची एकही खेळी चालली नाही त्याला उत्तेजन. दोन दिवसांनी पेपरात बातमी आली: यंत्राची मानवावर मात. खाली लिहिलं होतं, तिसगावच्या एका मेकॅनिकने चांगली लढत दिली.

एका मेकॅनिकने.

पुढच्या रविवारी राधाकृष्ण तिसगावला गेला. रंभाजी कुणाचंतरी इंजिन खोलून बसला होता. चांगुणाने दोघांना चहा आणून दिला, दोन्ही कपांतच, आणि रंभाजीने तो बशीत ओतून घोट घोट घेतला. राधाकृष्ण बघत राहिला. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. वहीतला हिशेब, धरून ठेवलेली लाइन, आणि शेवटी ते प्यादं.

रंभाजीने बशी खाली ठेवली. "मारता येत हुतं?"

"येत होतं. बुर्जी त्यांच्यात नाही. माझ्याकडून सांगायचं राहिलं."

राधाकृष्णला वाटलं होतं की तो म्हणेल, माहीत असतं तरी मारलं नसतं. असं काहीतरी मोठं. रंभाजी तसलं काही बोलला नाही. त्याचा चेहरा तापलेल्या पत्र्यासारखा झाला.

"मारलं असतं की, भाऊसाहेब. त्यांच्या नियमानं बसलो हुतो, त्यांच्या नियमानं मारलं असतं. मला काय त्या प्याद्याची दया आली हुती?" मग तो म्हणाला, "यंत्राचा राग न्हाई मला. ते बिचारं तिकडं पुन्यात इमानदारीत हरलं. तुमी समदे मिळून त्याला जिंकवलं."

तुमी समदे. राधाकृष्णने ते शब्द ऐकले आणि गिळले, कारण ते बरोबर होते.

रंभाजीने पाना उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाला, की वहीत आहे ते कागदावर लिहा, खाली सही करा आणि पेपरला धाडा. नाव पुरं लिहा. राधाकृष्णने तिथेच, त्याच्या छपरीखाली बसून पत्र लिहिलं. कोणत्या खेळीला यंत्राला खरा किती वेळ लागला, सगळं. चांगुणाने ते वाचून दाखवायला सांगितलं, आणि रंभाजी साळवे, तिसगाव, हे दोनदा वाचायला लावलं.

ते पत्र राधाकृष्णने कधीच टाकलं नाही. सोमवारी कचेरीत बदल्यांची यादी लागायची होती, म्हणून मंगळवारी टाकू म्हटलं. मंगळवारी आबासाहेब साहेबांच्या खोलीत बसलेले दिसले. आठवडा गेला, मग तोंड दाखवायची लाज वाटू लागली, मग तिसगावला जाणंच बंद झालं. पुढच्या साली कळलं की रंभाजी बिऱ्हाड घेऊन कुठेतरी साखर कारखान्यावर फिटर म्हणून गेला. कुठल्या, ते सांगणाऱ्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. पाकीट राधाकृष्णच्या टेबलाच्या खणात राहिलं, तिकिटासकट. पन्नास वर्षं कुणाचा बूट कुठल्या बटनावर होता ते आठवून संतापायचं, आणि स्वतःचा हात कुठल्या कागदावर होता ते तेवढं विसरायचं, हे काही बरं नव्हे. म्हणून एवढं लिहिलं. यंत्राचा खरा वेळ दोन तास सात मिनिटं. जिंकलेल्या माणसाचं नाव रंभाजी साळवे, तिसगाव.

त्या रविवारी पत्र खिशात घालून राधाकृष्ण निघाला तेव्हा रंभाजी फडक्याला हात पुसत रस्त्यापर्यंत आला होता. एस.टी. किती वाजता आहे म्हणून त्याने विचारलं.

"पावणेसहा."

"मग चला बिगीनं. यायची येळ पाळत न्हाई ती, पर जायची पाळती."

"येतो," राधाकृष्ण म्हणाला.

"या," रंभाजी म्हणाला.